पाऊस पडला म्हणून व्यापाऱ्याने द्राक्षाचा सौदा मोडला, उरलेले पैसे मिळतील का?

सोनाका_प्लॉट

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळं लिहितो, कृपया शेवटपर्यंत वाचा.

मी तासगाव तालुक्यातला. सव्वा एकर सुपर सोनाका, १० ऑक्टोबरची छाटणी. यंदा २० जानेवारीला बाहेरच्या राज्यातला एक व्यापारी गावातल्या दलालाला घेऊन प्लॉटवर आला, घड हातात घेऊन बघितले, मणी खाऊन बघितले आणि ५८ रुपये किलोने अख्ख्या प्लॉटचा सौदा ठरला. माल अंदाजे १२ टन. वहीच्या पानावर दर लिहिला, इसार ५० हजार, साखर १८ च्या वर पाहिजे, तोडणी ३ फेब्रुवारी ते ८ फेब्रुवारी, टोळी आणि गाडी व्यापाऱ्याची. खाली त्याची, माझी आणि दलालाची सही. स्टॅम्प पेपर नाही, नोटरी नाही.

२ तारखेला त्याचा माणूस येऊन साखर मोजून गेला, १९ भरली, मशीनचा फोटो त्यानेच मला व्हॉट्सअपला टाकलाय. ३ तारखेला टोळी आलीच नाही. फोन केला तर म्हणे माणसं दुसरीकडे अडकलीत, दोन-तीन दिवस थांबा. मी म्हटलं बरं, पण लवकर या, आभाळ भरून यायला लागलंय. ६ ला आले, ६ आणि ७ असे दोन दिवस मिळून ४ टन नेला. ८ ला सकाळी सातपासून मी आणि बायको प्लॉटवर, रिकामे क्रेट बांधावर रचून ठेवलेले, अकरा वाजले तरी कोणी नाही, फोन लावला तर उचलेना. संध्याकाळी मेसेज आला, उद्या येतो. आणि त्याच रात्री दीडच्या सुमारास पाऊस सुरू झाला तो पहाटेपर्यंत.

सकाळी बॅटरी घेऊन गेलो. वरच्या बाजूला निचरा चांगला आहे, तिथले घड ठीक होते. खालच्या ओळीत घड हातात घेतला की बोटं चिकट व्हायची, मण्याला देठापासून चीर पडलेली आणि रस खाली गळतोय. अडीच टनाच्या आसपास माल तडकला.

१० ला व्यापाऱ्याचा फोन. म्हणे नैसर्गिक आपत्ती झाली, सौदा संपला, कायद्यातच आहे. पाहिजे तर राहिलेला माल ३० ने उचलतो, नाहीतर इसार परत करा. मी हो पण म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही, फोन ठेवला. शेवटी १३ तारखेला चांगला साडेपाच टन माल दुसऱ्याला ४१ ने दिला कारण अजून थांबलो असतो तर तोही गेला असता. तडकलेल्यातला निवडून टनभर बेदाणावाल्याला १२ रुपयाने दिला, बाकी फेकला.

पहिल्या ४ टनाचे २ लाख ३२ हजार होतात. त्यातले इसार धरून दीड लाख आलेत, ८२ हजार राहिलेत, ते पण द्यायला तयार नाही. माझे प्रश्न असे की पाऊस पडला की सौदा खरंच आपोआप सुटतो का, वहीच्या पानाला काही किंमत आहे का, आणि चुलतभाऊ म्हणतोय सरळ पोलिसात चारशेवीसची केस कर, ते करावं का. वर्षभराचं औषधपाणी, सोसायटीचं कर्ज, सगळं या मालावर असतं हो. ज्यांना माहिती आहे त्यांनीच सांगा.

जुना_बागायतदार

भाऊ, वाचून पोटात कालवलं. तीन वर्षांपूर्वी माझ्यावर हीच वेळ आलेली, फक्त मी एक चूक केली जी तू केली नाहीस म्हणून सांगतो. माझा सौदा ५२ चा होता, पाऊस झाल्यावर व्यापाऱ्याचा फोन आला, ३५ ने देतोस का, आणि मी घाबरून म्हटलं जाऊ दे, न्या ३५ ने पण आजच न्या. त्याने आज नेला, ३५ ने पैसे दिले. नंतर वकिलाकडे गेलो तर ते म्हणाले काका तुम्हीच दर बदलून घेतला, आता जुन्या ५२ च्या सौद्यावर भांडता येणार नाही, जुना सौदा तुमच्या हो म्हणण्याने संपला आणि नवा झाला. मला वाटत होतं कागदावर ५२ लिहिलंय म्हणजे ५२ च. तसं नसतं. तू फोन ठेवलास ते फार बरं केलंस.

तिसरं_वर्ष_एलएलबी

दादा, तुमचा व्यापारी ज्याला नैसर्गिक आपत्ती म्हणतोय ते भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ५६. करार झाल्यावर ते काम करणं अशक्य झालं किंवा बेकायदा झालं तर करार रद्दबातल होतो, एवढंच ते कलम म्हणतं. पाऊस हा शब्द त्यात नाही, महागाई नाही, तोटा पण नाही.

यामागची गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगतो. इंग्लंडमध्ये १६४७ साली एका कुळाने सांगितलं की शत्रूच्या सैन्याने मला जमिनीवरून हाकललं, मी खंड कसा देऊ, तर कोर्ट म्हणालं शब्द दिलास ना, मग दे. दोनशे वर्षं हाच नियम होता. मग १८६३ मध्ये लंडनजवळचा एक संगीताचा हॉल कार्यक्रमाच्या आधीच जळाला, ज्याने तो चार दिवसांसाठी भाड्याने घेतलेला तो नुकसानभरपाई मागायला गेला, तेव्हा कोर्ट पहिल्यांदा नीट म्हणालं की करार ज्या वस्तूवर उभा आहे ती वस्तूच कोणाच्या चुकीशिवाय गेली तर दोघंही सुटले. आणि तुमच्या सगळ्यात जवळची केस १८७६ ची, बटाट्याची! एका शेतकऱ्याने ठराविक शेतातले २०० टन बटाटे विकायचा करार केला, रोग पडला, ८० टनच निघाले. ८० दिले, बाकीच्यासाठी खरेदीदाराने भरपाई मागितली, ती मिळाली नाही, कारण त्याच शेतातला माल ठरलेला होता आणि शेतकऱ्याची चूक नव्हती.

म्हणजे बघा, तडकलेला अडीच टन माल तुम्ही देऊ शकला नाहीत यासाठी व्यापारी तुमच्यावर दावा करू शकत नाही. पण तो स्वतः सुटतो का हा वेगळा प्रश्न आहे आणि माझ्या मते नाही सुटत.

पेटीवाला

मी स्वतः द्राक्षाचा व्यापार करतो, वीस वर्षं झाली, तर दुसरी बाजू पण ऐकून घ्या. इथे सगळे व्यापाऱ्याला झोडपतात पण पावसानंतर माल वरून चांगला दिसला तरी आतून काय आहे ते दोन दिवसांनी कळतं. दिल्ली-कोलकात्यापर्यंत गाडी जाईपर्यंत एक तडकलेला मणी अख्खी पेटी खराब करतो, आणि तिथे माल उतरला की आमचा दर निम्म्यावर. पावसानंतर बाजार पण पडतो, ५८ चा माल कोण घेणार. आम्ही ५८ दिला तो कोरड्या मालाचा दिला. भिजलेला माल म्हणजे ठरलेला माल नव्हेच, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पण ८ तारखेला टोळी न पाठवणं आणि फोन न उचलणं हे मला पटलेलं नाही. टोळी दुसऱ्या प्लॉटवर गेली असेल तर ते शेतकऱ्याला सकाळीच सांगायला पाहिजे होतं, तो दुसरी माणसं लावू शकला असता. आणि उचललेल्या मालाचे ८२ हजार अडवणं चूकच. ते पैसे पावसाच्या आधीच्या मालाचे आहेत.

वकीलीण_मिरज

मी जिल्ह्यातच प्रॅक्टिस करते, शेतमालाच्या सौद्यांच्या केसेस बऱ्याच येतात. वरचं सगळं वाचलं. भाऊ, तुमचं प्रकरण मला बरंच चांगलं वाटतंय, पण त्यात तीन वेगवेगळे पैसे आहेत आणि तिन्हीची ताकद वेगळी आहे, ते एकत्र करून मागू नका.

आधी मुळातली गोष्ट. करारात दोन बाजूंची दोन कामं असतात. तुमचं काम माल देणं, व्यापाऱ्याचं काम टोळी पाठवून माल उचलणं आणि पैसे देणं. आता विचारा, पावसाने कोणाचं काम अशक्य झालं? अडीच टन माल देण्याचं तुमचं काम अशक्य झालं, ते लॉ वाल्या भावाने बरोबर सांगितलं. पण साडेपाच टन चांगला माल वेलीवर होता. तो उचलणं आणि पैसे देणं व्यापाऱ्याला पावसाने अशक्य केलं नाही, फक्त परवडेना झालं. परवडत नाही आणि होऊ शकत नाही यात कायदा फार मोठा फरक करतो. सुप्रीम कोर्टाने हे परत परत सांगितलंय. कलकत्त्यातल्या प्लॉटची सत्यव्रत घोष केस आहे, १९५४ च्या रिपोर्टात छापलेली. युद्धात सरकारने जमीन ताब्यात घेतली म्हणून कंपनी म्हणाली करार संपला, कोर्ट म्हणालं नाही संपला, उशीर होईल एवढंच. त्याच निकालात असंही आहे की अशक्य म्हणजे अगदी हातापायाने अशक्य असंच नाही, कराराचा सगळा हेतूच कोसळला तरी चालेल, पण तेवढं मोठं काहीतरी घडलं पाहिजे. मग १९६० ची अलोपी प्रसाद केस, लष्कराला तूप पुरवायची, युद्धामुळे सगळी गणितं बदलली तरी कोर्ट म्हणालं ठरलेल्या दराला बांधील राहा. २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग केसमध्ये इंडोनेशियाचा कोळसा महागला म्हणून वीज कंपन्या सुटायला बघत होत्या, नाही सुटल्या. आणि आपल्याकडे मुंबई हायकोर्टात एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊन नुकता लागलेला असताना, कोरियाहून पोलाद मागवणारे आयातदार गेले की आता माल विकला जाणार नाही म्हणून आम्हाला पैसे देण्यातून सोडा. अंतरिम दिलासा नाही मिळाला. अख्खा देश बंद असताना जर ही भूमिका असेल तर एका रात्रीच्या पावसाने खरेदीदार सुटतो हे पटवणं अवघड आहे.

पेटीवाला साहेबांचा मुद्दा मात्र मी हलका धरणार नाही. माल ठरलेल्या दर्जाचा नसेल तर नाकारायचा हक्क खरेदीदाराला असतोच. फरक एवढाच की नाकारण्याआधी माल बघावा लागतो. तुमच्या व्यापाऱ्याने १० तारखेला प्लॉटवर माणूस पाठवला होता का? तुम्ही लिहिल्यावरून वाटतंय की नाही, फोनवरच सौदा संपवला. आणि त्याच फोनवर ३० ने उचलतो म्हणाला, म्हणजे माल उचलण्यालायक होता हे त्यानेच कबूल केलं, भांडण दराचं होतं. कलम ३९ म्हणतं की एका बाजूने काम करायला साफ नकार दिला तर दुसरी बाजू करार संपवू शकते आणि नुकसान मागू शकते. तुम्ही तेच केलंत, माल दुसरीकडे दिलात.

आता पैसे. पहिले ८२ हजार. यात पाऊस, कलम ५६, काहीच येत नाही. माल दिला, त्याने घेतला, नेला, तुमच्याकडून तेवढा करार पुरा झाला. हे पैसे म्हणजे सरळ बाकी.

दुसरे, ५८ आणि ४१ मधला फरक. साडेपाच टनाला १७ रुपये म्हणजे ९३ हजार ५००. हे कलम ७३ चं नुकसान, करार मोडल्यामुळे रोजच्या व्यवहारात सहज जे होतं ते. यात तुम्हाला दोन गोष्टी दाखवाव्या लागतील. १० ते १३ तारखेला तासगाव भागात तशा मालाला खरंच ४१ च्या आसपासच दर होता, तुम्ही घाईत मातीमोल दिला नाही, आणि नुकसान कमी करायला जे शक्य होतं ते केलंत. बेदाण्याला टनभर दिलात हे त्यासाठीच महत्त्वाचं आहे. दराचा पुरावा आजच गोळा करा. कानपूरच्या कॅनव्हासची एक जुनी सुप्रीम कोर्टाची केस आहे, समोरच्याने करार मोडलेला नक्की होता, पण खरेदीदाराला त्या दिवशीचा कानपूरचा दर सिद्ध करता आला नाही आणि त्याच्या हाती भरपाई आली नाही. शेजाऱ्यांनी त्या आठवड्यात कितीने दिला, त्यांच्या पावत्या, दलालाचे मेसेज, सगळं एका फोल्डरमध्ये.

तिसरे, तडकलेला माल. इथे खरी संधी आहे आणि इथेच तुमची अडचण पण आहे. साधारण नियम असा की मालकी तुमच्याकडे असेपर्यंत धोका तुमचा. पण मालविक्री कायदा १९३० चं कलम २६ वाचा. त्यात पुढे म्हटलंय की डिलिव्हरीला ज्याच्या चुकीने उशीर झाला, त्या उशिराशिवाय जे नुकसान झालं नसतं ते त्याच्या माथ्यावर. व्यापाऱ्याची टोळी ३ पासून लागली असती तर रोज २ टनाने ८ च्या संध्याकाळी १२ टन निघून गेले असते, पाऊस पडला तो रात्री दीडला. अडचण ही की ३ तारखेला तुम्ही बरं म्हणालात. मुदत वाढवून द्यायला करार कायद्याच्या कलम ६३ खाली लेखी लागत नाही, मोबदला लागत नाही, आणि कलम ५५ म्हणतं की उशिरा केलेलं काम स्वीकारताना भरपाई मागणार असं सांगितलं नसेल तर नंतर त्या उशिराची भरपाई मागता येत नाही. म्हणून मला एक नक्की सांगा, ८ तारखेला कुठल्या ओळी तोडायच्या होत्या?

सोनाका_प्लॉट

ताई, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. ८ ला खालच्याच ओळी तोडायच्या होत्या. ६ आणि ७ ला त्यांनी वरून सुरुवात केली कारण गाडी वरच्या रस्त्यावर लागते, आणि ७ च्या संध्याकाळी टोळीचा मुकादमच म्हणाला, उद्या खालनं घेऊ, तिकडं साखर जास्त आहे आणि ढग आलेत. हे त्याने माझ्या मोठ्या पोराला व्हॉइस मेसेजवर पण पाठवलंय कारण क्रेट कुठे ठेवायचे ते त्याने विचारलं होतं. १० तारखेनंतर प्लॉटवर कोणीही आलं नाही, फोनवरच सगळं. आणि एक राहिलं, ११ ला सकाळी मी व्यापाऱ्याला व्हॉइस मेसेज टाकलाय की वरच्या बाजूचा माल चांगला आहे, येऊन बघा आणि ठरल्या दराने न्या, उद्या संध्याकाळपर्यंत गाडी आली नाही तर दुसऱ्याला देतो आणि फरक तुमच्याकडनं घेतो. दोन निळ्या टिका पडल्या, उत्तर नाही. मला तेव्हा हे कायद्याचं काही माहीत नव्हतं, डोकं तापलेलं म्हणून टाकला.

वकीलीण_मिरज

भाऊ, तो ११ तारखेचा मेसेज म्हणजे तुमच्या केसचा कणा आहे. कायदा ज्याला आपलं काम करायची तयारी दाखवणं म्हणतो ते तुम्ही केलंत, माल बघायची संधी दिलीत, वाजवी मुदत दिलीत, दुसरीकडे विकणार हे आधी सांगितलंत. नाशवंत मालाला तर एवढं पण लागत नाही.

आणि खालच्या ओळींचं उत्तर ऐकून मला बरं वाटलं. म्हणजे ३ ते ६ चा उशीर तुम्ही चालवून घेतलात असं धरलं तरी ८ चा उशीर तुम्ही चालवून घेतलेला नाही, त्या दिवशी ते न सांगता आले नाहीत, फोन उचलला नाही. टोळी पाठवणं त्यांचं काम होतं. करार कायद्याचं कलम ६७ असंच म्हणतं, ज्याला काम करून घ्यायचंय त्यानेच सोय करून दिली नाही तर काम न झाल्याचा दोष दुसऱ्यावर येत नाही. रोजच्या हिशोबाने त्या दिवशी २ टन निघाले असते, ते खालचेच. म्हणून तडकलेल्या अडीच टनापैकी २ टन मागा, उरलेला अर्धा टन सोडून द्या, तो मागायला गेलात तर ३ तारखेचं तुमचं बरं कोर्टात उगाच चघळलं जाईल. २ टनाचे १ लाख १६ हजार, त्यातून बेदाण्याचे १२ हजार वजा केले तर १ लाख ४ हजार. एकूण मागणी ८२ हजार, ९३ हजार ५०० आणि १ लाख ४ हजार, म्हणजे २ लाख ७९ हजार ५००. तिसऱ्या रकमेवर तो जोरात भांडेल, मी खात्री देणार नाही. पहिल्या दोनवर त्याला बोलायला फार जागा नाही.

इसाराचं कोणीतरी जप्त करा म्हणेल, तसं करू नका. इसार तुम्ही पहिल्या मालाच्या पैशात धरलाय, तोच परत जप्त म्हणून मोजला तर हिशोब खोटा ठरतो. तो परत द्यायचा प्रश्न नाही एवढं पुरे.

वहीचं पान चालतं. असा करार तोंडी सुद्धा होतो, स्टॅम्प पेपर नसला म्हणून खोटा ठरत नाही, पान फक्त पुरावा आहे आणि तुमच्याकडे तर तीन सह्या आहेत. झेरॉक्स काढा, मूळ पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरात ठेवा, ते कोणाच्या हातात देऊ नका, दलालाच्या तर अजिबात नाही. फोनचं पण तेच. मेसेज कोर्टात द्यायला २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, आधी त्याला ६५ बी म्हणायचे, जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल केसमध्ये २०२० साली सुप्रीम कोर्टाने ते सक्तीचं म्हटलं. मूळ फोनच साक्षीला घेऊन आलात तर ती अट नाही. म्हणून तुमचा आणि मुलाचा, दोन्ही फोन फॉरमॅट करू नका, बदलू नका, मेसेज आपोआप पुसले जायची सेटिंग असेल तर आत्ता बंद करा.

जुना_बागायतदार

ताई, पोलिसाचं काय? गावात सगळे तेच सांगतात की पोलिसांनी दम दिला की पैसे येतात.

वकीलीण_मिरज

काका, जो व्यापारी खोटं नाव सांगून, पैसे द्यायचेच नाहीत असं पहिल्या दिवसापासून ठरवून माल नेतो आणि पळतो, तिथे फसवणुकीचा गुन्हा होतो आणि तिथे तक्रार करायलाच पाहिजे. इथे त्याने इसार दिला, लाखभर दिले, माल नेला, आणि पाऊस झाल्यावर शब्द फिरवला. शब्द फिरवणं म्हणजे करार मोडणं, ते दिवाणी. सुरुवातीपासून लबाडी होती हे दाखवता आलं नाही तर एफआयआर हायकोर्टात रद्द होते आणि मधली दोन वर्षं जातात. दिवाणी दाव्याला करार मोडल्यापासून ३ वर्षांची मुदत असते, ती त्या धावपळीत थांबत नाही. हे मी कळवळून सांगतेय, कारण मुदत उलटून आलेली माणसं मी बघितलीत आणि त्यांना काही देता येत नाही.

व्यापारी बाहेरचा असला म्हणून त्याच्या गावाला जायची गरज नाही. सौदा तुमच्या प्लॉटवर झाला, माल तिथून उचलायचा होता, म्हणून दावा तासगावच्या कोर्टात चालतो. आधी वकिलामार्फत नोटीस स्पीड पोस्टाने, पत्ता पानावर नसेल तर दलालाकडून आणि ज्या खात्यातून लाख रुपये आले त्यावरून काढा. दलाल स्वतः पैशाला सहसा जबाबदार नसतो पण साक्षीदार म्हणून तो सोन्यासारखा आहे, त्याच्याशी भांडू नका. तालुका विधी सेवा समितीकडे पण जाऊन या, दावा लावायच्या आधीच लोकअदालतीत मिटवता येतं, आणि तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही. १ लाख ७५ हजाराच्या खाली मिटवू नका असं माझं मत, कारण तेवढे तर पहिल्या दोन रकमेतच आहेत.

पेटीवाला

ताईंचं ८ तारखेचं गणित मला मान्य करावं लागेल. मी व्यापारी म्हणून एकच सांगतो, पुढच्या सौद्याला पानावर पावसाची ओळ लिहा. पावसानंतर दोन दिवसांनी दोघांनी मिळून माल बघायचा, चांगल्या मालाला दर किती आणि तडकलेला कोणाच्या अंगावर, टोळी ठरल्या दिवशी आली नाही तर रोजचे किती कापायचे. मी गेल्या तीन हंगामापासून लिहितो. सुरुवातीला शेतकरी बिचकायचे, आता मागून घेतात.

तिसरं_वर्ष_एलएलबी

रोजचे कापायचे लिहिताना रक्कम वाजवी ठेवा एवढंच. करार कायद्याच्या कलम ७४ खाली कोर्ट लिहिलेला आकडा जसाच्या तसा देत नाही, तो वरची मर्यादा धरून त्याच्या आत जे वाजवी असेल तेवढंच देतं. दिवसाला एक लाख असं लिहून ठेवलं तर कागद दिसायला जड दिसेल, हातात तेवढे येणार नाहीत.

सोनाका_प्लॉट

मंडळी, अपडेट देतो. ताईंनी सांगितलं तसं शेजारच्या चार बागायतदारांच्या त्या आठवड्यातल्या पावत्या घेतल्या, दर ३८ ते ४३ आहेत, म्हणजे माझा ४१ मध्येच बसतोय. तालुक्याच्या वकिलांकडून २ लाख ७९ हजार ५०० ची नोटीस गेली, १५ दिवसांची मुदत. काल दलाल घरी आला, चहा घेतला, म्हणाला व्यापारी ८२ हजार लगेच टाकतो म्हणतोय पण सगळं मिटलं असं लिहून पाहिजे. मी म्हटलं ८२ चे ८२ मिळाले एवढंच लिहून देईन, सगळं मिटलं असं नाही. तो म्हणाला विचारून सांगतो. जाताना त्याने ते वहीचं पान बघायला मागितलं, मी झेरॉक्स दाखवली.